माशांचा काटा

बंदरावर माशांचं वजन करायचा काटा आहे,
त्याच्याच आकड्याला हेल्दुरने इंजिन टांगलं.
सकाळच्या हेरिंगचे खवले अजून चिकटलेले.
सुई थरथरली, एकोणीसच्या जरा पुढे जाऊन थांबली.
"पिंजरा, पट्टे, पंखा सगळं धरून," तो म्हणाला, "टाकी कोरडी."
मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
माझं जुनं धूड एकतीस किलोचं.
ते पाठीवर घेऊन उभी राहिले की
आधी गुडघे कुरकुरत, इंजिन मग.

"बटणाचा स्टार्टर मागू नकोस.
बॅटरी म्हणजे दोन किलोंचा आळस.
दोरी ओढ."
ओढली. चौथ्या झटक्याला पेटलं.
खांदा अजून त्याबद्दल बोलतो.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, माझं डिकीत.
दर शनिवारी फेरीने सारेमा बेटावर.
पिंजऱ्याचे चार तुकडे एकात एक,
पंख्याची दोन पाती लोकरीच्या मोज्यांत,
एक निळा, एक करडा; जोडी कधीच फुटली.
टाकी भांड्यांच्या साबणाने तीनदा धुते,
न पेटवलेल्या सॉनात रात्रभर उपडी ठेवते.
बावीस वर्षं याच फेरीच्या तोंडाशी उभी राहून
मी लोकांच्या डिक्यांना नाक लावलंय.
"थोडंसंच पेट्रोल आहे हो" म्हणणारे सगळे चेहरे पाठ आहेत.
आता स्वतःच्या डिकीत वाकते
आणि स्वतःवर विश्वास ठेवत नाही.

पेट्रोल पलीकडच्या पंपावर. पन्नासाला एक तेल,
मोजून.
डोळ्यांनी ओतणाऱ्यांची इंजिनं
हेल्दुरच्या फळीवर ओळीने पडून असतात.

पंखही हलका घेतला, जुन्याच्या निम्म्या वजनाचा.
हलकं कापड म्हणजे हळवं कापड.
जुनिपरचं एक झुडूप त्याला पुरतं.
उन्हात पसरून गप्पा मारत बसायचं नाही,
वाळू झटकायची, नाकतोडे हाकलायचे
(एकदा एक आत राहिला, चुरगळला,
त्याचा हिरवा डाग कापडावर अजून आहे),
घड्या सैल, जशी ताप आलेल्या पोराची चादर.

मग रिझर्व्हचा कप्पा उघडला. रिकामा.
"आधीच्या मालकाने काढला," हेल्दुर इंजिनाकडे बघत म्हणाला,
"एक किलो चारशे."
मी माझा पॅराशूट आणला, नव्याने घडी करून घेतलेला,
आणि पाण्यात फुगणारं जाकीट, कारण इथे
तीन बाजूंना समुद्र आहे आणि मला पोहता येतं ते उन्हाळ्यापुरतं.
पुन्हा काट्यावर. सुई बावीसला.
हेल्दुरचा चेहरा असा झाला
जणू कुणी त्याच्या सुपात मीठ ओतलं.
"एवढे ग्रॅम वाचवले मी!"
"वाचवलेस ना," मी म्हटलं, "म्हणून तर यांना जागा झाली."

त्या दिवशी वारा नव्हता. कुरणावर सतरा पावलं,
मी मोजली, मोजायची सवय सुटत नाही,
अठरावं जमिनीला लागलंच नाही.
खाली फेरी, पांढरी, साबणाच्या वडीएवढी,
तिच्या तोंडाशी माझ्या जागेवर उभी नवी मुलगी, पिवळ्या जाकिटात.
मी हात केला. तिने बघितलं नसणार.

दहाव्या मिनिटाला आवाज बदलला.
उतरले, गुडघ्यांवर नाही, पायांवर.
सायलेन्सरची एक स्प्रिंग गायब.
हलकी यंत्रं फार थरथरतात,
सुटं काही खपवून घेत नाहीत.
पंख्यात गेली असती तर मोजे
रिकामे घेऊन घरी गेले असते.
हेल्दुरने नवी लावली, तारेने बांधली, वर सिलिकॉन,
आणि शिव्या, ज्यांचं वजन होत नाही.

संध्याकाळभर गवतात लोहचुंबक फिरवला.
स्प्रिंग नाही सापडली.
सापडली घोड्याची नाल, गंजलेली, खिळ्यासकट.
या कुरणावर घोडे होते, हे हेल्दुरलाही माहीत नव्हतं.
परतीच्या फेरीला वेळ होता म्हणून
ती काट्याच्या आकड्याला अडकवली.
सुई हललीसुद्धा नाही.